वरचं दूध (डब्यातल्या पावडरचं) सुरू करतेयस? आधी एवढं बघ
अगं टेन्शन नको घेऊ, माझ्या दोन्ही पोरांना वरचं दूध लागलं होतं. आधी डॉक्टरांकडून वजन बघून घे, बाळ नुसतं रडतंय म्हणून डबा उघडू नकोस, पाचव्या दिवसानंतर दिवसाला ६ वेळा तरी शू होतेय ना ते मोज.

- आधी अंगावर पाज, दोन्ही बाजूंनी, मग वरचं. उलटं केलंस की आपलं दूध आटतं, माझं पहिल्या वेळी तेच झालं!
- पावडर डब्यावर लिहिलंय तेवढीच, सपाट चमचा. सासूबाई म्हणतील पातळ कर, अजिबात नको.
- पाणी उकळलेलंच, उरलेलं दूध तासाभरात फेकून दे.
- बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं (चोचीची छोटी वाटी).

दूध काढायचा पंप वगैरे नंतर बघू.