चर्चमधला 'फाँट' : कारंजे नव्हे, झरा

इंग्लंडमधील गावोगावच्या चर्चच्या वर्णनांत येणारा 'फाँट' आणि संगणकावरचा 'फाँट' हे एकच शब्द आहेत का, आणि चर्चमधल्या फाँटला मराठीत काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे. ते एक नाहीत, आणि हे ठासून सांगणे भाग आहे, कारण भाषांतरांतून या फाँटचे सर्रास 'कारंजे' केलेले वाचावे लागते. कारंज्यातून पाणी उसळते. चर्चमधला फाँट म्हणजे पात्र; बाप्तिस्म्यासाठीचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाच्या विधीसाठीचे, पाणी त्यात भरून ठेवलेले असते. मराठीत 'बाप्तिस्मा-कुंड' म्हणावे. कुंड हे झऱ्याचे पाणी साठलेलेही असते आणि घडवलेलेही असते, त्यामुळे त्यात 'झरा' या मूळ अर्थाची सावली आपोआप येते.

अक्षरांचा फाँट 'वितळवणे, ओतणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाच्या घराण्यातला आहे. छपाईचे खिळे धातू ओतून पाडत, म्हणून त्यांच्या एका संचाला ते नाव पडले. चर्चमधला फाँट मात्र लॅटिन 'फोन्स', म्हणजे झरा, या शब्दाचा वंशज आहे. डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स येथील 12व्या शतकातला फाँट शिशाचा ओतीव आहे आणि त्याच्या अंगावर बसलेल्या प्रेषितांच्या आकृती उठावात आहेत. त्याकडे बोट दाखवून दोन्ही शब्द ओतकामातूनच आले असे सांगणाऱ्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. असे शिशाचे फाँट इंग्लंडभर मिळून सुमारे 30 उरले आहेत आणि बाकी जवळजवळ सगळे दगडी आहेत. शिवाय फ्रेंच बोलणारे नॉर्मन लोक 1066 साली इंग्लंडमध्ये येण्यापूर्वीच हा शब्द जुन्या इंग्रजीत रुळलेला होता.

खरी मौज पुढे आहे. हेच लॅटिन मूळ इंग्रजीत दोनदा शिरले. ख्रिस्ती धर्मासोबत ते 'फाँट' म्हणून आले, पण त्याआधी रोमन ब्रिटनमधील रहिवाशांच्या बोलीतून अँग्लो-सॅक्सन लोकांनी, म्हणजे जुनी इंग्रजी बोलणाऱ्यांनी, ते 'फुंटा' या रूपात उचलले होते, आणि ते गावांच्या नावांत आजही टिकून आहे. चॅलफाँट म्हणजे वासरांचा झरा, हॅव्हंट म्हणजे हामा नावाच्या माणसाचा झरा. हॅम्पशायरमधील मॉटिस्फाँटचा झरा तर आजही वाहतो. यांतले माझे सर्वांत लाडके नाव म्हणजे हीथ्रो विमानतळाशेजारचे बेडफाँट. त्याच्या पूर्वार्धात 'बिडेन', म्हणजे पिंप किंवा टब, हा शब्द आहे असे मानतात; म्हणजे ज्याच्या तोंडाशी पिंप बसवले आहे असा झरा. 'फुंटा' हे नाव विशेषतः रोमन बांधकाम असलेल्या झऱ्यांना दिले जाई, असे स्थलनामांच्या अभ्यासकांनी सुचवले आहे, आणि ते मला पटते. मात्र गावांच्या नावांतला फुंटा आणि चर्चमधला फाँट यांना केवळ दूरचे भाऊबंद ठरवून चर्चा तिथेच संपवणारे अभ्यासक फार घाई करतात, असे माझे मत आहे. ज्या समाजाला झरा आणि त्याखालचे पिंप ही जोडी परिचित होती, त्याला पाण्याने भरलेल्या पात्राला 'झरा' म्हणणे जड गेले नसणार.

या तर्काला आकाराचा आधार आहे. अष्टकोनी फाँट पाहून तोच मूळ घाट समजण्याची चूक माहितीपत्रकांतही दिसते. नॉरफोक-सफोकमधील प्रसिद्ध अष्टकोनी फाँट, ज्यांच्या सात बाजूंवर बाप्तिस्मा, विवाह असे ख्रिस्ती धर्मातले सात संस्कार कोरलेले आहेत, ते मुख्यतः 15व्या शतकातले आहेत. त्यांच्या कित्येक शतके आधीचे, ग्लॉस्टरशायरमधील डिअरहर्स्टचे सॅक्सन, म्हणजे नॉर्मनपूर्व काळातले, फाँट सरळ पिंपाच्या घाटाचे आहे आणि त्याच्यावर गच्च वेटोळी नक्षी आहे. ते 19व्या शतकात एका शेतवाडीवरून चर्चमध्ये परत आणावे लागले.

वाहत्या झऱ्याचे नाव साठलेल्या पाण्याला कसे चालले, या आक्षेपाचे उत्तर प्रथेतच आहे. पाणी ईस्टर आणि पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा सण) यांच्या आदल्या संध्याकाळी मंत्रित करून नंतर बराच काळ तसेच ठेवत, म्हणजे झऱ्याप्रमाणे पात्रात पाणी असेच; म्हणून दगडाला आतून शिशाचा पत्रा मारत. ते पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ लागले, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधील प्रमुख धर्माधिकारी, एडमंड यांनी 1236 मध्ये फाँटला झाकण आणि कुलूप लावण्याचा आदेश दिला. अनेक फाँटच्या काठावर त्या कुलपांच्या लोखंडी कड्या, किंवा त्या उपटताना उडालेले दगडाचे टवके, अजून दिसतात.