बालकामगारांचे जुने फोटो: तुमचे प्रश्न

12 जूनचा बालमजुरीविरोधी दिन आला की तेच फोटो फिरायला लागतात आणि तेच प्रश्न येतात. यातले बहुतेक फोटो लुईस हाइनचे. न्यूयॉर्कमधला हा शिक्षक 1908 पासून बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी अमेरिकेतल्या सूतगिरण्या, कोळसाखाणी, काचकारखाने पालथे घालून कामावरच्या मुलांचे फोटो काढत होता. काही प्रश्न घेतो.

उंच तुळईवर बसून जेवणाऱ्या कामगारांचा फोटो हाइनचाच ना?

नाही. तो 1932 चा, रॉकफेलर सेंटरचा. हाइनने एम्पायर स्टेट बिल्डिंगचं बांधकाम टिपलं होतं, म्हणून घोटाळा होतो.

मुलं कॅमेऱ्याकडे बघत उभी आहेत, म्हणजे फोटो ठरवून काढलेत. मग खरे कसे?

उभं केलं म्हणून खोटं होत नाही. स्टँडवरचा जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा, उजेडासाठी मॅग्नेशियमची पावडर पेटवायची, त्यात मुकादम कधी हाकलेल याचा नेम नाही, तिथे पळत्या पोराचा फोटो कुठून मिळणार? कधी बायबल विकणारा तर कधी मशिनरीचे फोटो काढणारा म्हणून हा आत शिरायचा, मुलांची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून ताडायचा आणि खिशातल्या खिशात टिपून घ्यायचा. साउथ कॅरोलायनातल्या लँकेस्टर मिलमधल्या एका मुलीची त्याची 1908 ची नोंद बघा: उंची 48 इंच, सहा महिन्यांपासून कामावर. चार फुटाची पोर.

मशीनवर चढलेल्या दोन मुलांचा फोटो ग्रुपवर आलाय, खाली ‘आपल्या गिरणगावातलं बालपण’ असं लिहिलंय. खरं आहे का?

नाही, आणि हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. तो फोटो जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावच्या बिब मिल नंबर 1 चा, जानेवारी 1909 चा आहे. हाइनने स्वतः लिहून ठेवलंय की काही मुलं इतकी लहान होती की तुटलेला धागा सांधायला आणि रिकाम्या बॉबिन, म्हणजे सुताच्या रिळी, परत लावायला त्यांना स्पिनिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, चढावं लागायचं. आता ही ओळ कापून टाका, काय उरतं? दोन गोड पोरं मशीनवर खेळतायत असंही कुणी म्हणेल! गाव, गिरणी, महिना, काम हे सगळं लिहिलेलं होतं म्हणून तो फोटो पुरावा होता. ती नोंद काढून मनाला येईल ते चिकटवणं म्हणजे त्या माणसाची निम्मी मेहनत कचऱ्यात टाकणं.

गिरणगावात मुलं राबली नाहीत असं मी म्हणत नाहीये. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, पण 7 ते 12 वयाच्या पोरांना दिवसाला 9 तास राबवायला मोकळीकच होती. ते सांगायचं तर मुंबईचे कागद काढा, मेकनची पोरं उसनी कशाला आणायची? आणि मूळ नोंदसुद्धा डोळे झाकून घेऊ नका. व्हरमाँटमधल्या एका गिरणीतली 1910 ची मुलगी कितीतरी वर्षं अ‍ॅडी लेअर्ड म्हणून छापली जायची, 1998 मध्ये तिचा फोटो टपाल तिकिटावरही आला, आणि पुढे जुन्या नोंदी धुंडाळल्यावर कळलं की तिचं खरं नाव अ‍ॅडी कार्ड. फॉरवर्ड करायच्या आधी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाच्या साइटवर शोधा, कमिटीच्या संग्रहातले पाच हजारांवर फोटो तिथे फुकट बघता येतात. सापडला नाही तर जाणत्या माणसाला विचारा, तोवर पुढे पाठवू नका.

रंगीत केलेले चालतील का?

शाळेच्या प्रदर्शनात नको. ते रंग आज कुणीतरी अंदाजाने भरलेले असतात.

ऑनलाइन ‘ओरिजिनल हाइन प्रिंट’ मिळतेय, घेऊ का?

फोटो बघून पैसे भरू नका. 1990 च्या दशकात हाइनच्या म्हणून मोठ्या किमतीला विकलेल्या बऱ्याच प्रिंटच्या कागदात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं, सापडले. फोटोपेपरमध्ये ते आले 1950 च्या दशकात आणि हाइन वारला 1940 ला, म्हणजे त्या त्याच्या हातच्या असणंच शक्य नाही. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. पण नाही चमकला म्हणजे अस्सल, असंही नाही, तेव्हा कागदाच्या तज्ज्ञाकडून लेखी तपासणी करून घ्या. ‘आजच घ्या, उद्या मिळणार नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचा तर नादच सोडा.

या फोटोंमुळे बालमजुरी लगेच बंद झाली, असं वाचलं. खरं का?

लगेच? बालमजुरीवर बंधनं घालणारा अमेरिकेचा 1916 चा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1918 ला रद्द केला, दुसरा 1922 ला. टिकणारा कायदा आला 1938 मध्ये. फोटोंनी लोकमत हलवलं हे खरं, पण तोवर फोटोतली पोरं तिशी-चाळिशीत पोचली होती.

आजोबा गिरणीत होते. जुना अल्बम आहे, फोटो एकमेकांना चिकटलेत. सावकाश बघू म्हणतोय.

सावकाश नको. फोटो ओढून सोडवू नका, ओलं फडकं लावू नका, फोटो-कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. पण घरातलं जे वडीलधारं माणूस चेहरे ओळखतं, त्याच्याजवळ या रविवारीच बसा, नाव, गिरणी, खातं, अंदाजे साल असं सगळं विचारून वहीत उतरवा. सुट्या फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेन अजिबात नको, अक्षर पुढच्या बाजूला उमटतं.