कॅल्शियम आलं की पोटॅशियमची वाट उघडते ती कशी?

प्रश्न: आमच्या परसात गोबरगॅस आहे आणि मुलगी रत्नागिरीला मायक्रोबायोलॉजी शिकते. परवा म्हणाली, मिथेन करणाऱ्या एका जंतूत पोटॅशियमचं असं चॅनल असतं की जे कॅल्शियम लागलं की उघडतं, आणि तसलंच आपल्या अंगातही असतं. जंतूला ना हाडं ना नसा, मग त्याला कॅल्शियम कशाला? आणि आईला डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, त्यांचा याच्याशी काही संबंध?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: मुलगी अगदी बरोबर सांगतेय, आणि हा माझा फार आवडता विषय आहे. त्या जंतूचं नाव मिथॅनोथर्मोबॅक्टर. नावात बॅक्टर असलं तरी तो बॅक्टेरिया नाही, आर्किया म्हणून वेगळाच गट आहे. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतो आणि त्याला ६५ अंशाच्या आसपासची गरमी मानवते, तुमची टाकी काय तेवढी तापत नाही, तेव्हा तिच्यातले मिथेनवाले याचे भाऊबंद समजा.

त्याच्या चॅनलला, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या पोटॅशियमच्या वाटेला, एमटीएचके म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने २००२ मध्ये त्याची कॅल्शियम लागलेली, उघडी रचना दाखवली, आणि पुढच्याच वर्षी मॅकिनन यांना आयन (म्हणजे चार्ज असलेले कण) चॅनलवरच्या कामासाठी केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता मुख्य गोष्ट. बऱ्याच जणांना वाटतं कॅल्शियम त्या वाटेत घुसून ती मोकळी करतं, तसं नाहीये. चार सारखे प्रोटीनचे तुकडे मिळून पेशीच्या पडद्यात पोटॅशियमची वाट बनते, आणि तिच्या खाली, पेशीच्या आतल्या बाजूला, आठ भागांची एक रिंग असते. कॅल्शियमवर दोन धन चार्ज, रिंगमधल्या काही अमिनो आम्लांवर ऋण चार्ज, म्हणून ते तिथे जाऊन चिकटतं, मग रिंगचा आकार बदलतो, ती पसरते आणि वरच्या चारही तुकड्यांची टोकं बाहेर ओढते. भाताच्या पोत्याचं तोंड चौघांनी चार बाजूंनी ताणलं की उघडतं ना, तसंच. कॅल्शियम सुटलं की रिंग आवळते, वाट बंद. यात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, अजिबात खर्च होत नाही, चिकटण्यातून जी ऊर्जा मिळते तेवढ्यावर दार ओढलं जातं, आणि मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत बीके नावाचं चॅनल असतं, त्यालाही खाली अशीच आठ भागांची रिंग. फक्त ते व्होल्टेजनेही उघडतं आणि त्याला कॅल्शियम जंतूच्या चॅनलपेक्षा खूपच कमी पुरतं. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढलं की बीके उघडतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि स्नायू सैल पडायला मदत होते. म्हणजे हाडं-नसा यायच्या कितीतरी आधीपासूनची ही युक्ती आहे.

गोळ्यांचं म्हणाल तर पेशीच्या आतलं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पटीने कमी असतं आणि पेशी ते पंप वापरून तसंच ठेवते, गोळी घेतली म्हणून ही चॅनल भराभर उघडत नाहीत. आईच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यात तशाच चालू ठेवा, आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.