जपानने 5:5:3 हे प्रमाण का पत्करले?

1922 च्या वॉशिंग्टन नौदल करारात अमेरिका आणि ब्रिटन यांच्या पाचास तीन एवढ्याच युद्धनौका जपानने का मान्य केल्या, ही नामुष्की नव्हती का, असे आपण विचारले आहे. ‘नामुष्की’ या शब्दाने माझ्या एका जुन्या जखमेवरची खपली निघाली.

एम. ए.च्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझ्या लघुप्रबंधातील एका वाक्याखाली लाल शाईने ओढलेली रेघ मला दाखवली. जपानचा हा निर्णय शहाणपणाचा होता, असे ते वाक्य होते. शेजारी समासात ‘लाचारी’ एवढाच शेरा होता. 1905 मध्ये त्सुशिमाला रशियाचे आरमार बुडवणाऱ्या राष्ट्राने वाटाघाटीत मान तुकवली, असे त्यांचे म्हणणे. त्याच लढाईत अ‍ॅडमिरल तोगो यांचे चीफ ऑफ स्टाफ असलेले कातो तोमोसाबुरो हेच वॉशिंग्टनला जपानचे प्रमुख प्रतिनिधी होते, हे मी सांगू लागलो, तोच मला थांबवण्यात आले.

ते उत्तर आज पुरे करतो. त्या सुमारास जपानच्या अर्थसंकल्पाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकटे नौदल खात होते. पैशाशिवाय युद्ध होत नाही, युद्धाचा संभव अमेरिकेशीच आहे आणि कर्ज देऊ शकेल असा देशही अमेरिकाच आहे, असा निरोप कातो यांनी डिसेंबर 1921 मध्ये मायदेशी धाडला होता. जहाजबांधणीची शर्यत मोकळी राहिली असती, तर अमेरिका पाचास तीनवर थांबली नसती. शिवाय याच कराराच्या कलम 19 अन्वये फिलिपिन्स, ग्वाम आणि हाँगकाँग येथे नवी तटबंदी न करण्याचे बंधन अमेरिका-ब्रिटनवर आले, आणि मोडीत निघणार असलेली ‘मुत्सु’ ही युद्धनौकाही जपानने वाचवली. याला लाचारी म्हणणे चूक आहे.

अर्थात, अमेरिकेचे गुप्तलिपितज्ज्ञ जपानच्या तारा वाचत होते, त्यामुळे जपान कुठवर मागे सरेल हे अमेरिकी परराष्ट्रमंत्री ह्यूज यांना ठाऊक होते, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेच्या सत्तर टक्के आरमार हवेच, यावर अडून बसलेले जपानी शिष्टमंडळातील नौदल तज्ज्ञ कातो कांजी (हे तोमोसाबुरो नव्हेत) यांच्या मागणीमागेही हिशेब होता: जिंकायचे तर चाल करून येणारे आरमार दीडपट हवे, आणि दहास सात असताना ते दीडपट भरत नाही, दहास सहा असताना भरते. ब्रिटनशी 1902 पासून असलेली युती याच परिषदेत संपुष्टात आली, ही हानी मला प्रमाणाहून मोठी वाटते.

आपण परीक्षेसाठी विचारत असाल, तर आधी कलम 19 वाचावे. माझ्या परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नव्हता.