एक गोदाम, तीन याद्या

प्रश्न : आम्ही चौघे मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. वजनकाटा आणि फॅट मशीनकडून आकडे घ्यायचे, दर काढायचा, पावती छापायची, दहा दिवसांचं बिल करायचं. ९० केंद्रांवर डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारे छोटे संगणक आहेत आणि ते रोज रात्री आमच्या रेपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) अपडेट घेतात. गेल्या महिन्यात '२.४-बीटा' ही आवृत्ती एकाच केंद्रासाठी म्हणून टाकली, ती सकाळपर्यंत ११ केंद्रांवर पोचली. बाकीचे संगणक रात्री बंद होते म्हणून वाचलो. एसएनएफचा (दुधातल्या फॅटव्यतिरिक्त घन घटकांचा) हिशेब चुकला, शेतकऱ्यांना कमी रकमेच्या पावत्या गेल्या. आता त्या ११ ठिकाणी खरी २.४ चढतच नाही. स्टेबल (तपासून पक्क्या) आणि डेव्हलपमेंट (काम चालू असलेल्या) आवृत्त्यांसाठी दोन वेगळे सर्व्हर घ्यावेत का? बिल्ड (कोडपासून पॅकेजची फाइल बांधणं) दोनदा करावा का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : सर्व्हरचे पैसे वाचवा. दुसरा सर्व्हर नको, आणि एकाच आवृत्तीचा दुसरा बिल्ड तर मुळीच नको. जी फाइल तपासली तीच फाइल केंद्रावर गेली पाहिजे. 'चाचणी झाली, आता स्टेबलसाठी नव्याने बिल्ड करू' म्हणालात, की मधल्या आठवड्यात एखादी लायब्ररी बदललेली असते आणि तुम्ही जे पाठवता ते कुणीच तपासलेलं नसतं. शिवाय एकाच नावाच्या, एकाच आकड्याच्या दोन वेगळ्या फाइली फिरू लागल्या की कुठल्यातरी केंद्रावर 'हॅश सम मिसमॅच' (फाइलचा ठसा यादीशी जुळत नाही) झळकतं आणि तुमचा रविवार जातो.

तुमची सगळी केंद्रं डेबियनवरच आहेत, तर डेबियनचंच घर बघा. सुरुवातीच्या वर्षांत तिथे प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र डिरेक्टरी असे आणि पॅकेजं खरोखर एकीतून दुसरीत हलवली जात. फाइल तीच, पण तिचा पत्ता बदलला, की जगभरचे मिरर, म्हणजे नक्कल ठेवणारे सर्व्हर, ती पुन्हा उतरवत बसायचे. २००० सालच्या डिसेंबरात त्यांनी हे मोडलं. सगळ्या फाइली 'पूल' नावाच्या एका गोदामात एकाच जागी ठेवल्या आणि 'डिस्ट्स'मध्ये नुसत्या याद्या: स्टेबलमध्ये कोणत्या फाइली, टेस्टिंगमध्ये कोणत्या, अनस्टेबलमध्ये (जिथे नवं काम आधी येतं) कोणत्या. पॅकेज स्टेबलमध्ये 'गेलं' याचा अर्थ त्याचं नाव त्या यादीत आलं, एवढाच. फाइल जागची हलत नाही. टेस्टिंग ही मधली पायरीही त्याच सुमारास आली.

तुम्हीही असंच एक गोदाम आणि तीन याद्या करा: डेव्हलपमेंट, मधली चाचणीची आणि स्टेबल. त्यासाठी रेप्रेप्रो आणि ॲप्टली ही दोन साधनं आहेत. मी स्वतः रेप्रेप्रो बरीच वर्षं वापरलं, पण चौघांच्या चमूला ॲप्टली सुचवेन. त्यात यादीचा स्नॅपशॉट घेता येतो, तो नंतर बदलत नाही, आणि प्रकाशित यादी एका आज्ञेत एका स्नॅपशॉटवरून दुसऱ्यावर नेता येते. यादी चुकली तर त्याच आज्ञेने मागचीही लावता येते.

मधल्या यादीत पॅकेज किती दिवस मुरू द्यायचं? डेबियनमध्ये अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये यायला निकडीप्रमाणे साधारण २, ५ किंवा १० दिवस थांबावं लागतं, आणि नवा गंभीर दोष आढळला तर वाट अडते. तुमच्याकडे तर दहा दिवसांच्या बिलाचं पंचांग तयारच आहे! चाचणीच्या दोन-तीन केंद्रांवर एक पूर्ण बिल निघालं, शेतकऱ्यांनी ते घेतलं, कुणी वहीतला हिशेब घेऊन भांडायला आलं नाही, मगच ती आवृत्ती स्टेबलच्या यादीत. यातली एक केंद्रचालक बाई अशी निवडा जी पावती दोनदा वाचते.

आता मुळात ११ ठिकाणी बीटा गेली कशी? तुमची यादी एकच होती आणि ॲप्ट (डेबियनमधलं अपडेट बसवणारं साधन) बिचारं सगळ्यात मोठ्या आकड्याची आवृत्ती उचलतं. त्याच्या लेखी सर्वसाधारण रेपॉझिटरीचा अग्रक्रम ५०० असतो, आधीच बसवलेल्या आवृत्तीचा १००. डेबियनच्या एक्सपेरिमेंटल (प्रयोगाच्या) यादीच्या माहितीपत्रकात, म्हणजे रिलीज फाइलमध्ये, 'नॉटऑटोमॅटिक : येस' अशी ओळ असते, त्यामुळे तिचा अग्रक्रम १ वर येतो. अशी यादी चुकून जोडली गेली तरी रात्रीच्या अपडेटमध्ये तिथलं काही आपणहून चढत नाही, नाव घेऊन मागावं लागतं. तुमच्या डेव्हलपमेंट यादीला ही ओळ आजच लावा. रेप्रेप्रो आणि ॲप्टली दोन्हींत सोय आहे.

याद्यांच्या नावांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलू द्या, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. केंद्रांवरच्या संगणकात, अपडेट कुठल्या यादीतून घ्यायचे तिथे, 'स्टेबल' हा शब्द लिहू नका. २०१७ साली मी सांभाळत असलेल्या सर्व्हरांवर मीच तो लिहिला होता आणि रात्रीचं संपूर्ण अपग्रेडही मीच लावलं होतं. १७ जूनला, शनिवारी, डेबियन ९ आलं आणि 'स्टेबल' या शब्दाचा अर्थ बदलला. सोमवारी सकाळी मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जागी मारियाडीबी हा दुसराच बसलेला होता आणि ऑफिसातले सगळे माझ्या टेबलाकडे बघत होते. नव्या ॲप्टने यावर विचारणा सुरू केली आहे, पण त्या भरवशावर राहू नका. डेबियनच्या आवृत्त्यांना टोपणनावं असतात, ती इथे कामाला येतात : बुलसाय, बुकवर्म, ट्रिक्सी. खेळण्यांच्या एका कार्टूनपट-मालिकेतली पात्रं ती. खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या पोराचं नाव, सिड, कायमचं अनस्टेबलला दिलेलं आहे.

तुम्ही दुधातली माणसं, म्हशींची नावं घ्या. आजची स्टेबल 'पंढरपुरी', पुढच्या वर्षीची मोठी उडी 'मुऱ्हा'. केंद्राच्या संगणकात 'पंढरपुरी' लिहिलेलं असेल, तर मुऱ्हा आली म्हणून रातोरात काही बदलणार नाही. तुम्ही हाताने बदलाल तेव्हाच. आणि डेव्हलपमेंट यादी कायमची 'रेडकू'. दावं तोडून उधळणारच ते, हे नावातच आहे.

राहिली न चढणारी २.४. डेबियनच्या आकडेमोडीत '२.४-बीटा' ही '२.४' पेक्षा मोठी ठरते. आडव्या रेघेनंतरचं सगळं ती वाढीव फेरी समजते. बीटा लिहायचीच तर '२.४~बीटा' अशी लिहा. ते नागमोडी चिन्ह रिकाम्या जागेच्याही आधी येतं, म्हणून २.४ तिच्यावर बिनतक्रार चढते. (प्रत्यक्षात अर्थात रोमन अक्षरांत.) अशी बीटा फक्त रेडकूत राहू द्या. मधल्या यादीत जाणारी फाइल शेवटच्या नावानेच जावी, म्हणजे पुढे नावासाठी पुन्हा बिल्ड करावा लागत नाही. दोष निघाला तर २.४.१ करा, पुन्हा निघाला तर २.४.२. आकड्यांना पैसे पडत नाहीत.

त्या ११ केंद्रांसाठीही हाच उपाय आहे. खरी २.४ ही २.४.१ म्हणून बांधा, ती बीटावर चढेल. जुनी आवृत्ती जबरदस्तीने मागे बसवायला जाऊ नका. त्यासाठी अग्रक्रम १००० किंवा त्याहून वर न्यावा लागतो आणि तो तसाच विसरला जातो. नव्या बिल्डलाही मधल्या यादीतून एक बिल काढू द्या. तोवर त्या ११ जणांना फोन करून एसएनएफचा तक्ता हाताने तपासायला सांगा, आणि कमी गेलेली रक्कम पुढच्या बिलात 'मागील फरक' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा.