बिनधास्त विचारा: क्रिकेट सोडून बोलू

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की आयपीएलच्या सीझनमध्ये आमच्या घरातला रिमोट माझ्याकडे नसतो, तर एवढ्यावरून इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळी सगळे प्रश्न बिगर-क्रिकेटचेच घेतोय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय, म्हणून फक्त गाव देतो.

प्रश्न: काका, मुलगी ११ वर्षांची आहे. शाळेत एकदा धनुष्यबाण हातात दिला तेव्हापासून तेच डोक्यात. सासरे म्हणतात, धनुष्य मारून पोट भरतं का? नवरा म्हणतो खर्च फार असतो. क्लास लावू का? (एक आई, कराड)

ताई, आधी सासऱ्यांना सांगा की तुमच्याच जिल्ह्यातली अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. वैयक्तिक गटात तिरंदाजीचं जगज्जेतेपद भारताला त्याआधी कुणीच मिळवून दिलं नव्हतं, आणि ही पोरगी साताऱ्याची. फायनलला १४९ विरुद्ध १४७. म्हणजे १५ बाणांपैकी फक्त एक बाण दहाच्या बाहेर, तोही नऊवर. आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांत १५० पैकी १५० मारले. पंधराच्या पंधरा! एकाच दिवशी आपल्या राज्याचे दोन जगज्जेते, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा कशाची होती ते विचारू नका.

आता खर्चाचं. अदिती आणि ओजस खेळतात ते कंपाउंड. त्या धनुष्याला टोकाला चाकं असतात, दोरी पूर्ण मागे ओढली की निम्म्याहून जास्त ताण उतरतो, मग नेम धरून शांत उभं राहता येतं. नीट सेट घ्यायचा तर खर्च लाखांत जातो. पण ११ वर्षांच्या पोरीला कुणी कंपाउंड देत नाही हो. सुरुवात लाकडी-बांबूच्या साध्या धनुष्याने होते, त्याला इंडियन राउंड म्हणतात, त्याच्या शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धा पण असतात. ते परवडतं. पहिलं वर्षभर तर स्वतःचं काहीच घेऊ नका, क्लबचं वापरू दे. मी बघितलंय, आईबाप उत्साहात महाग सामान घेतात आणि सहा महिन्यांत पोराची उंची वाढते, दोरी ओढायची लांबी बदलते, सामान माळ्यावर.

क्लास लावण्याआधी एक काम करा, तिथे न सांगता जाऊन एक तास नुसतं बसा. कोच पोरांशी कसा बोलतो, चुकलेल्या बाणावर ओरडतो का कोपर कुठे होतं ते दाखवतो. अदितीचे वडील गणिताचे शिक्षक, मुलीच्या सरावासाठी गाव सोडून सातारा शहरात राहायला आले, आणि प्रवीण सावंत सरांकडे ती शिकली ते काही एसी स्टेडियमात नाही, उसाच्या फडाजवळच्या मैदानावर. कोच नीट मिळाला की बाकीचं जमवता येतं, उलटं नाही होत.

पोट भरतं का याचं उत्तर खाली बीडच्या पोराला दिलंय, सासऱ्यांना तेही वाचून दाखवा. आणि हो, कंपाउंड आजवर ऑलिम्पिकमध्ये नव्हतं, २०२८ च्या लॉस एंजेलिसला मिश्र दुहेरीत येतंय. तुमची लेक तेव्हा लहान असेल, पण त्यापुढचं ऑलिम्पिक तर तिच्याच वयाचं.

प्रश्न: सगळे म्हणतात भारत खेळात पुढे चाललाय. टोकियोला ७ पदकं, पॅरिसला ६, त्यात सोनं एकही नाही. याला प्रगती म्हणायची का पीआर? (एक चिडका वाचक, सोलापूर)

तुमचा आकडा बरोबर आहे, चिडणं पण बरोबर. नुसतं ऑलिम्पिकचं टेबल बघितलं तर आपण एक पाऊल मागे आलोय, खोटं कशाला बोलायचं. नीरज चोप्राने टोकियोला ८७.५८ मीटर भाला फेकून सोनं घेतलं आणि पॅरिसला ८९.४५ फेकून रौप्य, म्हणजे आधीपेक्षा लांब फेकून पदक खालचं! समोरचा पण घरी बसलेला नसतो ना. शिवाय पॅरिसला आपण सहा वेळा चौथे आलो. चौथ्याला टीव्हीवर कुणी दाखवत नाही, पण मी जुना खेळाडू आहे, मला विचाराल तर ३० व्या नंबरवरून चौथ्यावर येणं हे चौथ्यावरून तिसऱ्यावर येण्यापेक्षा जास्त वर्षांचं काम असतं.

पण मला विचाराल तर खरी गंमत दुसऱ्या टेबलात आहे. पॅरालिम्पिक बघा, म्हणजे दिव्यांग खेळाडूंचं ऑलिम्पिक. रिओ २०१६ ला ४ पदकं, टोकियोला १९, पॅरिसला २९, त्यात ७ सोनं. २०१६ पर्यंतच्या सगळ्या वर्षांची मिळून आपली १२ होती फक्त! त्यातलं पहिलं सोनं कुणाचं, तर १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात, मुरलीकांत पेटकरांचं, आपल्या सांगलीच्या इस्लामपूरकडचा माणूस, ६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान. आणि २०२४ ला पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरचं रौप्य, सचिन खिलारी, तोही सांगलीचाच, आटपाडी तालुक्याचा. त्या दोघांत ५२ वर्षं गेली आणि मधल्या काळात कुणी विचारलं नाही हे आपलं खरं दुखणं. एशियन गेम्सचं पण तसंच, २०१८ ला ७०, पुढच्या हांगझोला १०७. ही वाढ नाही तर काय. तेव्हा पीआर आहेच, पण त्याच्या खाली माल पण आहे, इतकंच म्हणतो.

प्रश्न: सर मी २१ वर्षाचा, कबड्डी खेळतो, स्टेट खेळलोय. घरची दीड एकर कोरडवाहू. प्रो कबड्डीत नंबर लागेल का नाही माहीत नाही. घरचे म्हणतात भरतीची तयारी कर आणि खेळ सोड. काय करू? (एक खेळाडू, बीड जिल्हा)

मित्रा, "आणि" काढ आणि "साठी" घाल. भरतीसाठी खेळ.

तुझ्याच जिल्ह्यातला अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, आईवडील वीटभट्टीवर. बारावी झाली आणि पोरगा फौजेत भरती, ५ महार, म्हणजे महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. सियाचिनला राहिला, राजस्थानला राहिला. स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत, तर त्याने २०१७ ला सुरू केली, तेही फौजेतच. ऑलिम्पियन व्हायचंय म्हणून घरातून निघालेला नाही तो, पगार पाहिजे म्हणून निघालेला आहे. आणि मग २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये काय केलं बघ. १९९८ ते २०१८, सहाच्या सहा वेळा या शर्यतीतली तिन्ही पदकं केनियाची. तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि वरून पाण्याचे ७, ते हर्डलसारखे पडत नाहीत, पाय लागला तर तूच पडतोस. अविनाश दुसरा आला, ८ मिनिटं ११.२० सेकंद, सोनं गेलं ०.०५ सेकंदाने. डोळ्याची पापणी पण त्याहून सावकाश लवते.

कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे पण बघ. वडील शिक्षक, क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढलं. ५० मीटर रायफलला गोळी दर शॉटला जाते, सराव म्हणजे पैसेच उडवायचे की रे. आणि टार्गेटवरचा दहाचा गोल केवढा असतो माहितीये? १०.४ मिलिमीटर. ५० मीटरवरून शर्टाच्या बटणाएवढा ठिपका. गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून, मग उभं राहून. २०१५ ला मध्य रेल्वेत टीसी म्हणून लागला, महिन्याचा पगार सुरू झाला, मग डोकं शांत. पॅरिसला जायच्या आधी १२ वर्षं आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत होता, पण ऑलिम्पिक पहिलंच. १ ऑगस्ट २०२४, ४५१.४ गुण, कांस्य. महाराष्ट्राला वैयक्तिक पदक खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतर तेव्हा मिळालं, ७२ वर्षांनी. लोक म्हणतात रेल्वेने मदत केली वगैरे, पण मी म्हणतो की ती नोकरीच नसती तर हा पोरगा २५ व्या वर्षी कुठेतरी कोचिंग क्लास घेत बसला असता.

तर प्रॅक्टिकल सांगतो. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट चालत नाही, कोणत्या स्पर्धेत कितवा नंबर आला की कोणत्या वर्गाच्या पदाला चालतं ते जीआरमध्ये लिहिलेलं आहे, तो स्वतः वाच, मित्राने सांगितलेल्यावर जाऊ नको. आणि सर्टिफिकेटची पडताळणी भरती निघायच्या आधी करून ठेव, कारण बोगस सर्टिफिकेटवाल्यांनी एवढा घोळ घातलाय की आता खऱ्या पोरांचे पण कागद भिंगाखाली धरतात. माझं सांगू? मी खो-खोत युनिव्हर्सिटी खेळलो. सर्टिफिकेटवर माझ्या नावातला एक काना गायब होता. दुरुस्तीला एका ऑफिसात दिलं, ते म्हणाले पुढच्या सोमवारी या. असे किती सोमवार गेले ते मोजणं मी सोडून दिलं, मूळ कागदच हरवला त्यांनी आणि इंटरव्ह्यूची तारीख निघून गेली. पुढे बँकेत लागलो, ठीक झालं, पण तो काना अजून डोळ्यांसमोर येतो. म्हणून म्हणतो, आज रात्रीच सगळी सर्टिफिकेटं काढ, आधारवरचं नाव समोर ठेव आणि एकेक अक्षर जुळव.

प्रो कबड्डीची ट्रायल पण दे, नाही कुठे म्हणतोय मी. फक्त एकाच दोरीवर वजन टाकू नको.

प्रश्न: खो-खोचा वर्ल्ड कप खरंच वर्ल्ड कप होता का? समोरच्या टीमना डूब (झेप टाकून गडी बाद करणं) कशी मारतात ते पण माहीत नसणार. (एक वाचक, डोंबिवली)

खो-खोवाल्याला हा प्रश्न विचारलात म्हणजे मुद्दाम खपली काढलीत. जानेवारी २०२५, दिल्ली, २३ देश. दोन्ही कप आपले, दोन्ही फायनलला समोर नेपाळ, पुरुष ५४-३६, महिला ७८-४०. कॅप्टन प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघं महाराष्ट्राचेच. काही टीम कच्च्या होत्या, हे मान्य. काही मॅच बघताना मलाच त्यांची दया आली. पण पहिल्यांदा भरवलेली गोष्ट अशीच असते, लेकरू पहिल्याच दिवशी पळत नाही.

आणि एकतर्फी राहील असं समजू नका. कबड्डीत पुरुषांचं १९९० पासून आणि बायकांचं २०१० पासून एशियन गेम्सचं सोनं आपलंच, सातबारावर नाव असल्यासारखं, आणि २०१८ ला जकार्ताला इराणने पुरुषांना सेमीफायनलला आणि बायकांना फायनलला धरून आपटलं. मी तेव्हा जेवलो नाही. पण खेळ मोठा झाला तो तेव्हाच, असं माझं मत आहे. २०२३ ला आपण दोन्ही परत आणली ती गोष्ट वेगळी.

खो-खो आता मातीऐवजी मॅटवर होतो, त्याचं मात्र सांगतो. आम्ही मातीवर खेळलो, डूब मारली की हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत सोलून निघायचं, रात्री आई हळद लावायची आणि शिव्या पण द्यायची. मॅटवर पोरं बिनधास्त झेपावतात, खांबाला हात घालून अख्खं अंग हवेत आडवं करतात, ते बघायला मजा येते यात वाद नाही. पण गावातल्या शाळेत मॅट कुठून येणार, आणि मातीवर शिकलेल्या पोराला एकदम मॅटवर उभं केलं की पहिल्या दोन मॅच पाय सरकण्यातच जातात. जिल्हा पातळीवरच्या कोचना विचारा, हेच सांगतील.

प्रश्न: म्हणजे आम्ही क्रिकेट बघायचं सोडायचं का? (एक शाळकरी वाचक, नागपूर)

अजिबात नाही रे बाबा, मी पण बघतो. स्वप्निल कुसाळे स्वतः धोनीचा फॅन आहे, धोनी पण टीसी होता म्हणून. फक्त तुझ्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली, फायनलला कोनेरू हंपीला हरवून, १९ व्या वर्षी. जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (त्या पदवीसाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता, येताना थेट ग्रँडमास्टर होऊन आली. तुझ्या वर्गात किती जणांना माहितीये विचार, आणि मला कळव. पुढच्या अंकात तोच आकडा छापतो.