लेकीचं इंग्रजी कच्चं नाही, भाऊ

प्रश्न: मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकली, पुढे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. अ‍ॅग्री झाली. इंग्लंडमधलं एक विद्यापीठ तिला वनस्पतिरोगशास्त्राच्या एम.एस्सी.ला घ्यायला तयार आहे, पण अट आहे: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 6.5 आणि प्रत्येक भागात किमान 6. तिला ऐकण्यात 6.5, वाचनात 7, बोलण्यात 6 आणि लेखनात 5.5 मिळाले. विद्यापीठ म्हणतं, सप्टेंबरच्या आधी दहा आठवड्यांचा इंग्रजीचा कोर्स करा, नाहीतर परीक्षा पुन्हा द्या. एजंट म्हणतो, कोर्स म्हणजे पैसे उकळणं. तीन आठवड्यांच्या क्लासमध्ये बँड (म्हणजे या परीक्षेचे गुण) काढून देतो. चार वर्षं सगळे पेपर इंग्रजीत लिहिलेल्या पोरीला पुन्हा इंग्रजी शिकवायचं, हे तिला कमी लेखणं नाही का? सोबत तिचे दोन निबंध पाठवतो. तिथे तिच्या उच्चारांना हसतील, अशी तिच्या आईला काळजी आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार भाऊ,

आधी तिच्या गुणांचं सांगतो. चारही भागांची सरासरी 6.25 येते आणि आयईएलटीएसच्या नियमाने ती वर धरून 6.5 होते. म्हणजे एकूण गुणांची अट तिने पूर्ण केली आहे. अडलंय ते फक्त लेखनात, तेही अर्ध्या बँडने. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीने वाचनात 7 मिळवले, याचा तुम्ही अभिमान बाळगा.

तिचे दोन्ही निबंध मी सावकाश वाचले. व्याकरणाच्या चुका मोजक्या आहेत आणि शब्दही बरे आहेत. अडचण वेगळीच आहे. मोबाइलवरच्या निबंधात ती लिहिते की मोबाइलमुळे आजची तरुण पिढी बरबाद झाली आहे. कुठली पिढी, किती मुलं, कशावरून, यातलं काहीच पुढे येत नाही. पुढच्या परिच्छेदात ती मोबाइलचे फायदे सांगते आणि शेवटी दोन्ही बाजूंना बरोबर म्हणून मोकळी होते. आपल्याकडे दहावी-बारावीला निबंध असाच शिकवतात आणि त्याला गुणही मिळतात. पण आयईएलटीएसच्या लेखनात गुण देताना व्याकरण आणि शब्दसंपदा या अर्ध्याच गोष्टी असतात. उरलेले अर्धे गुण प्रश्नाला थेट उत्तर दिलं का आणि मुद्द्यातून मुद्दा निघतो का, यावर असतात. तिचे गुण तिथे गेले आहेत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बी.एस्सी.चे पेपर इंग्रजीत लिहिले हे खरं, पण त्या पेपरांत काय मागितलं होतं ते आठवा: करपा या बुरशीच्या रोगाची लक्षणं सांगा, उपाय लिहा. नोट्स नीट पाठ असल्या की उत्तर जमतं. इंग्लंडमध्ये तिला कदाचित तीन हजार शब्दांचा निबंध मागतील आणि प्रश्न असेल: केळीवरच्या करप्यासाठी बुरशीनाशकांवर अवलंबून राहणं कितपत योग्य आहे? त्यासाठी पंधरा-वीस शोधनिबंध वाचायचे. कोण काय म्हणतो, कोणाचा पुरावा भक्कम आहे, दोघांचे निष्कर्ष वेगळे का आले, हे ताडून पाहायचं आणि मग स्वतःचं मत मांडायचं. हे काम शिकवणारा विषय म्हणजे अ‍ॅकॅडमिक इंग्लिश. बाजारातल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासशी त्याचा फार थोडा संबंध आहे.

तुमच्या शेतातलंच उदाहरण घेतो. तुम्ही सहज म्हणाल, यंदा पाऊस जास्त झाला म्हणून करपा वाढला. तुमचा अनुभव खरा असेल, पण शोधनिबंधात हे वाक्य असं टिकत नाही. तिथे लिहावं लागतं की अमुक भागातल्या इतक्या बागांत, इतके आठवडे निरीक्षण केलं. आर्द्रता जास्त असलेल्या आठवड्यांत रोगाची तीव्रता वाढलेली दिसली. यावरून दोन्हींचा संबंध असण्याची शक्यता आहे. फक्त ‘शक्यता आहे’, कारण लागवडीचं अंतर, रोपं, फवारणीची वेळ यांचाही त्यात हात असू शकतो. पुरावा जेवढा, तेवढंच ठाम बोलायचं. इंग्रजीत हे तोलून लिहायच्या ठरलेल्या पद्धती आहेत आणि त्या शिकूनच येतात. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनाही त्या शिकाव्या लागतात. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत त्यांच्यासाठीही लेखनाचं मार्गदर्शन असतं.

दुसरी गोष्ट उसन्या वाक्यांची, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याकडे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर मास्तर खूश होतात. तिथे कोणाचं आहे हे न सांगता तसं केलं तर ती चोरी ठरते, चौकशी होते, विषयात नापास करतात. आपल्याकडेही पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2018 मध्ये नियम केले आहेत: दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 60 टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडून त्याचं नाव द्यायचं, हे कौशल्य चांगल्या कोर्समध्ये आठवडेच्या आठवडे घोटून घेतात. चॅटजीपीटीसारख्या साधनांचे नियम प्रत्येक विद्यापीठात वेगळे असतात. ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यायला तिला सांगा.

तुम्ही केळीवाले आहात, म्हणून एवढं सांगतो. टिश्यू कल्चरचं रोप प्रयोगशाळेतून थेट वावरात लावत नाहीत. आधी हार्डनिंग होतं, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून शेडनेटच्या सावलीत काही आठवडे जातात. ते रोप हलकं असतं म्हणून नव्हे, तर आतली हवा आणि बाहेरचं ऊन यांत फरक असतो म्हणून. उन्हाळ्यातल्या या कोर्सचं काम तेच आहे. इंग्लंडची एम.एस्सी. साधारण एका वर्षाची. सप्टेंबरला सुरू झाली की डिसेंबर-जानेवारीत पहिले निबंध द्यायचे असतात. तिथे पोचल्यावर अडखळत शिकू म्हटलं तर वर्ष संपत येतं.

मग एजंटचं काय? तीन आठवड्यांत अर्धा बँड वाढतो, कधी कधी खरंच वाढतो. क्लासवाले निबंधाचा साचा देतात, तो पाठ होतो. पण अडीचशे शब्दांचा साचा तीन हजार शब्दांच्या निबंधाला पुरत नाही. परीक्षा पुन्हा द्यायचीच असेल तर एक सोय आहे. संगणकावर दिलेल्या आयईएलटीएसमध्ये 2023 पासून चारपैकी एकच भाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेनंतर 60 दिवसांच्या आत. विद्यापीठ तो निकाल स्वीकारतं का, हे आधी लेखी विचारा.

माझं स्पष्ट मत: पैशांची सोय होत असेल तर कोर्स करू द्या. मात्र डोळे मिटून नको, कारण एजंटच्या शंकेत थोडं तथ्य आहे. फी आणि दहा आठवड्यांचं राहणं-खाणं मिळून रक्कम मोठी होते. म्हणून विद्यापीठाला ई-मेल करून चार गोष्टी विचारायला सांगा. कोर्स पास झाल्यावर एम.एस्सी.चा प्रवेश आपोआप पक्का होतो, की पुन्हा आयईएलटीएस लागेल? नापास झाली तर काय? दोन्हींसाठी एकच व्हिसा चालेल की वेगवेगळे, आणि व्हिसासाठी आयईएलटीएसचा कोणता प्रकार ग्राह्य धरतात? तिच्याच विषयातले शोधनिबंध वाचून घेतात, की सगळ्या शाखांची मुलं एकत्र बसवून सर्वसाधारण इंग्रजी शिकवतात? ब्रिटनमध्ये बालीप नावाची संस्था असे कोर्स तपासून मान्यता देते. ती मान्यता आहे का, हेही पाहा. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर कोर्सची फी त्यात धरतात का, हे कर्ज मंजूर व्हायच्या आधीच बँकेत विचारा.

पैसा बसत नसेल तर लेखनाचा भाग पुन्हा देऊन थेट सप्टेंबरला जाता येईल. पण मग वर्षभर शिक्षणाबरोबर चालणारे इंग्रजीचे वर्ग तिने सोडू नयेत. बऱ्याच ब्रिटिश विद्यापीठांत ते वेगळी फी न घेता असतात. सक्ती नसते, म्हणून आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

तोवर घरी बसून पुष्कळ होण्यासारखं आहे. आठवड्याला केळीवरच्या रोगांचा एक शोधनिबंध तिने वाचावा. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात जाऊन कुठले वाचावेत ते विचारलं तर तिथले शास्त्रज्ञ सांगतील, तिने संकोच करू नये. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून त्याचा सारांश दीडशे शब्दांत लिहावा आणि कोणा प्राध्यापकाकडून तपासून घ्यावा. शब्दांसाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये तयार केलेली 570 शब्दकुटुंबांची (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादी इंटरनेटवर मोफत मिळते. कुठल्याही शाखेच्या अभ्यासग्रंथात साधारण दहा टक्के शब्द त्यातलेच असतात, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर शैक्षणिक लेखनाचे मोफत कोर्सही आहेत.

आणि एक काम तुमचं. तिने वाचलेला शोधनिबंध दर आठवड्याला तुम्हाला घरच्या बोलीत समजावून सांगू दे. तुम्ही मध्ये मध्ये विचारा: हे कशावरून? आमच्या बागेत तर असं होत नाही, मग? ती अडखळली तर पुन्हा वाचेल. मावा ही कीड केळीवरचा हरण्या रोग पसरवते हे तुम्हाला माहीत आहे. ते सिद्ध कसं केलं, हे तिने तुम्हाला पटवून द्यावं. युक्तिवाद करायची सवय कुठल्याही भाषेत लागली तरी ती इंग्रजीत उपयोगी पडते.

वहिनींना सांगा, उच्चारांची काळजी करू नका. बोलण्याच्या परीक्षेत इंग्रजांसारखा हेल मागत नाहीत, म्हणणं स्पष्ट कळलं पाहिजे एवढंच पाहतात. कोर्सला तिच्या शेजारी चीनची, अरब देशांची, थायलंडची मुलं बसतील. प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या गावाचं असेल.

विद्यापीठाला ई-मेल याच आठवड्यात जाऊ द्या. उन्हाळी कोर्सच्या अर्जांची मुदत सप्टेंबरच्या बरीच आधी संपते, आणि व्हिसाच्या कागदपत्रांना वेळ लागतो तो वेगळाच. उत्तर आलं की मला पाठवा, फीचा तक्ताही जोडा. तो पाहून आपण कर्जाचं बोलू.